नळाचा नंबर आणि सिनेमाची बक्षिसं

माणसानं शिस्तीचं असावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नळावर कुणी कितव्या नंबरानं पाणी भरायचं हे सिनेमाच्या बक्षिसांवरून ठरवण्याइतकं शिस्तीचं असू नये. शिक्रापूरचे आमचे घरमालक तसे होते. सहा वर्षं त्यांच्या खोलीत काढली. त्या सहा वर्षांत माझे जे काही केस पिकले, त्यातले निम्मे तरी त्यांच्यामुळे.

सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे उभा जन्म खरोखरच उभ्यानं गेला. निवृत्त झाल्यावर हायवेपासून आत, ट्रकचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या अंतरावर, त्यांनी ओळीनं सहा खोल्या बांधल्या आणि टोकाला सातवं आपलं घर. खोल्यांना ते शीट म्हणायचे. "चार नंबर शीट रिकामी झालीय, कुणी असलं तर सांगा," असं चौकात सांगून यायचे. लोकांना वाटायचं म्हातारा अजून गाडीतच हाय.

आमची एक नंबरची शीट. माझ्या मिस्टरांना सणसवाडीच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही लग्नानंतर इथं आलो. माझं माहेर दौंडचं. आप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं, "कुठली गं तू?" मी सांगितलं, आणि तेव्हापासून मला नाव राहिलं नाही. "ए दौंडवाली" म्हणून हाक मारायचे. माझ्या नवऱ्याला मात्र अहोजाहो.

पाणी ग्रामपंचायतीचं, सकाळी साडेपाचला यायचं आणि पाऊण तासानं जायचं. कधी पाच मिनिटं जास्त, ते त्याच्या मर्जीवर. नळ एक, अंगणात. उंबरे सात. प्रत्येकाला सात मिनिटं. आप्पा घड्याळ घेऊन ओट्यावर बसायचे आणि वेळ झाली की दोरी ओढून पितळी घंटा दोनदा वाजवायचे. डबल बेल झाली की हंडा अर्धा असो की पाऊण, बाजूला व्हायचं. पहिल्याला हाताच्या मनगटाएवढी धार मिळायची, सातव्याला शिवायच्या दोऱ्याएवढी. सातव्याचं पाणी कधीकधी दोन मिनिटांतच जायचं. कंपनीची बस चौकात सव्वासहाला. म्हणजे जिचा नवरा पहिल्या शिफ्टला, त्या बाईला नळाचा नंबर हा नुसता नंबर नव्हता. त्यावर तिची सगळी सकाळ अवलंबून असायची.

हे बक्षिसांचं खूळ कुठून आलं, ते मला तीन नंबरच्या सुनीतानं सांगितलं. ती माझ्या आधी दोन वर्षं आलेली. तिच्या कपाळावर उजव्या बाजूला एक खूण होती, ती हंड्याची. आधी नळावर रोज भांडणं व्हायची, त्यातली. मग आप्पांनी खोल्यांच्या नंबरानं लाईन लावली. सहा नंबरात उत्तर प्रदेशातले दोघं भाऊ राहायचे, ते म्हणाले, आम्ही काय पाप केलं? मग जो आधी राहायला आला तो आधी, असं केलं. नवे चिडले. मग चिठ्ठ्या टाकल्या. त्यात नेमका आप्पांच्याच घराचा पहिला नंबर आला, आणि तेव्हा चार नंबरात राहणारी बाई तोंडावर म्हणाली, "तुमची चिठ्ठी वळखू येत व्हती, आप्पा. कोपरा दुमडलेला व्हता." आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. चिठ्ठ्या गुंडाळून चुलीत टाकल्या.

त्यानंतर कधीतरी रविवारी दुपारी सगळे भाडेकरू त्यांच्या पडवीत टीव्हीसमोर बसले होते. सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम चालू होता. हिला मिळणार, त्याला मिळणार, सगळे ओरडत होते. सुनीता म्हणाली ती नटी जिंकणार, सहा नंबरातल्या भावांपैकी थोरला, त्याला सगळे भय्या म्हणायचे, तो म्हणाला ती दुसरी. दोघांचंही चुकलं आणि दोघं एकमेकांना टाळ्या देऊन हसले. आप्पा दारात बसून हे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर उठून म्हणाले, "हितं हरली तरी हसत्यात ही माणसं. उद्यापासनं नंबर ह्याच्यावर."

झालं. बायकापोरांनी गंमत म्हणून बडबड करायची गोष्ट, तिचा या माणसानं सरकारी कारभार केला.

त्याची पद्धत अशी. बारा बक्षिसं धरायची. नट, नटी, खलनायक, विनोदी, गाणारा, गाणारी, अशी. प्रत्येकाला पाच नावं. ही नावं आप्पा कार्बन पेपर घालून स्वतःच्या अक्षरात लिहायचे, म्हणजे सगळ्या कागदांवर नाव बरोबर त्याच जागी यावं. या कागदाला ते तिकीट म्हणायचे. एका खोलीला एक तिकीट. मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांच्यासमोर उकिडवं बसून आपला अंदाज सांगायचा आणि ते त्या नावावर पंच मारायचे. खट्. निवृत्त होताना नोकरीतला पंच जमा करावा लागला होता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरा शोधून आणलेला. मग कार्यक्रमाच्या दिवशी निकालाचं तिकीट वेगळं पंच करायचं, ते आपल्या तिकिटावर ठेवायचं आणि दोन्ही उन्हाकडं धरायची. जिथं भोकावर भोक येईल तिथून उजेड दिसणार. जेवढे उजेड, तेवढे मार्क. सगळ्यात जास्त उजेड त्याचा वर्षभर पहिला नंबर. हे मला मान्य करावं लागेल की भानगड करायला त्यात जागा नव्हती.

पहिल्या वर्षी मी अगदी मनापासून अभ्यास केला. सिनेमाचं मासिक आणलं. आमच्या ह्यांना म्हटलं, तिकीट पंच करायला तुम्ही जा, मी पोळ्या करते, सगळं कागदावर लिहून दिलंय. हे गेले, कागद घरीच विसरून. खलनायकाला दोन नंबर म्हणाले. मग आठवलं, तीन नंबर. आप्पा म्हणाले, "पंच केलेलं तिकीट परत घेत न्हाईत."

"अहो, मी चुकून बोललो."

"शिरूरच्या माणसाला चुकून दौंडचं तिकीट फाडलं, तर गाडी दौंडला न्यायची का मी?"

खलनायकात आमचा एक मार्क गेला आणि पाचवा नंबर आला. आठ दिवस मी नवऱ्याशी नीट बोलले नाही. सिनेमातला खलनायक आमच्या घरात भांडण लावून गेला.

खरा ताप वेगळाच होता. बक्षिसांचा सोहळा मुंबईत व्हायचा एका दिवशी आणि टीव्हीवर दाखवायचे दोन आठवड्यांनी. पण निकाल दुसऱ्या दिवशीच पेपरात. म्हणजे कार्यक्रमाच्या आधी कुणाला कळलं तर सगळंच मुसळ केरात. मग हे दोन आठवडे आमच्या चाळीत संचारबंदी. सगळ्यांच्या रेडिओचे सेल आप्पांकडे जमा. केस कापणाऱ्याला जाऊन सांगायचं, आमचं कुणी आलं तर सिनेमाचं बोलू नको. चाळीत पेपर एकच यायचा, आप्पांचा. तो आधी ते वाचायचे आणि मग खोल्याखोल्यांतून फिरायचा. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मधोमध चौकोनी भोक पडूनच आमच्याकडं यायचा. निकालाची बातमी ब्लेडनं कापून घेतलेली.

एका वर्षी त्या कपट्याच्या मागच्या बाजूला एका चांगल्या कंपनीच्या भरतीची जाहिरात होती. आमचे हे महिनाभर तसल्याच जाहिरातीची वाट बघत होते. आप्पांनी तो कपटा कार्यक्रम झाल्यावर प्रामाणिकपणे आणून दिला. अर्जाची मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली.

मी पदर खोचूनच गेले त्यांच्याकडं. म्हटलं, "आप्पा, नवऱ्याच्या नोकरीपरीस तुमची नटी मोठी का?"

ते शांतपणे म्हणाले, "जाहिरात मी बघितलीच न्हाई. मी फुडचीच बाजू बघून कापली."

"मागं बघायचं की जरा."

"मागं बघायला लागलो आसतो तर सव्वीस वर्सं गाडी फुडं कशी गेली आसती?"

काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, आतून म्हणाल्या, "नगं डोकं लावू त्यांच्याशी, बाई. मी चाळीस वर्सं लावलं, भिताडालाच लागलं." मी हात टेकले.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाला सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी टीव्हीकडं पाठ करून बसायचे. नाव जाहीर झालं की विचारायचे, "कितवा?" आम्ही सांगायचो, तीन नंबर. खट्. मग दुसरं. एकदा मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "हा मेला व्हता ना गेल्या साली?" भय्या म्हणाला, "आप्पा, वो पिक्चर में मरा था." त्यांनी आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नव्हता. बघायला बसले की मध्यंतराला ड्यूटीची वेळ व्हायची. अर्धे सिनेमे बघून मी समाधानी हाय, म्हणायचे.

मालकाचंही तिकीट असायचं. हवंच, कारण त्यांच्या घरालाही पाणी लागायचं. स्वतःचं तिकीट ते स्वतः पंच करायचे, सगळ्यांच्या आधी, आणि खिळ्याला अडकवून ठेवायचे. सुरुवातीला कुजबुज झाली होती म्हणे, की पेपर कापणारा हाच, म्हणजे पहिला नंबर ह्याचाच. पण झालं उलटंच. आप्पांना दर वर्षी भोपळा. आम्ही किती हसायचो! सुनीताच्या अडीच वर्षांच्या पोरीनं एकदा गंमत म्हणून कागदावर कुठंही बोट ठेवलं होतं, तिलासुद्धा तीन मार्क मिळाले. आणि हा बाप्या भोपळा घेऊन वर्षभर स्वतःच्याच नळावर सातवा उभा. काकूंच्या गुडघ्यांमुळं पाणी भरायला तेच यायचे. दोऱ्याएवढ्या धारेखाली एक बादली धरायचे, ती भरली तर भरली. मग सायकलला दोन कॅन लावून शाळेजवळच्या हापशावर. पासष्टी उलटलेली, आणि हायवे ओलांडून जायचं. मी एकदा म्हटलं, "आप्पा, तुमचा नळ, तुमचं घर. घ्या की दोन हंडे आधी." माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी विनातिकीट सापडले.

"नंबर म्हंजी नंबर," म्हणाले.

आता माझं सांगते. ते सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय या माणसाचं चित्र पुरं होत नाही.

चौथ्या वर्षी मी बाळंतपणाला दौंडला गेले होते. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि परत यायचा दिवस जवळ आला, त्याच आठवड्यात मुंबईला तो सोहळा झाला. माझा धाकटा भाऊ सिनेमावेडा. सकाळी पेपर घेऊन माझ्या खाटेशेजारी बसला आणि बाराच्या बारा नावं वाचून दाखवली. मी कान झाकून घ्यायला हवे होते. नाही झाकले. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी शिक्रापूरची सकाळ होती. गेल्या वर्षीसुद्धा आमचा पाचवाच नंबर होता. पाणी हातात यायला सहा वाजायचे, बस सव्वासहाला. त्यात आता बाळाची आंघोळ, दुपटी, लंगोट. खोली दहा बाय दहा, मोठं पिंप ठेवायला जागा नाही. मी ती बारा नावं पोथीसारखी पाठ केली.

आमच्या ह्यांना परत आल्यावर सांगितलं, तर म्हणाले, "आप्पांना सांगून टाक, तुझं तिकीट ते बाद धरतील." म्हटलं, "आन् मग? बाळाची दुपटी तुमच्या कंपनीत धुवून आणता का?" ते डबा उचलून शिफ्टला गेले. शनिवारी मी बाळाला कडेवर घेऊन आप्पांसमोर बसले आणि नावं सांगितली. संशय नको म्हणून दोन मुद्दाम चुकवली. इथंच माझी अक्कल गहाण पडली. आजवर चाळीत कुणालाही पाचाच्या वर मार्क मिळाले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी आप्पांनी माझं तिकीट उन्हाकडं धरलं. कागदावर नुसती चाळण झालेली. सुनीता म्हणाली, "अगं बाई, दौंडला काय पाजतात का काय?" आप्पांनी कागद खूप वेळ तसाच धरून ठेवला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "धा. एक नंबर शीट, पयला नंबर." सुनीताला पाच मार्क होते, तिचा दुसरा आला. आप्पांचा सातवा, नेहमीप्रमाणं.

अडीच महिने मी मनगटाएवढ्या धारेखाली पाणी भरलं. सुख होतं, खोटं कशाला बोलू. साडेपाचला दोन्ही हंडे भरलेले, सहाला डबा तयार, बाळाचं पाणी चुलीवर. ज्याचं त्याला कळतं. पण चोराच्या मनात चांदणं, तसं डबल बेल वाजली की उगाच दचकायला व्हायचं.

मे महिना आला आणि पाणी पस्तीस मिनिटांवर आलं. म्हणजे पाच जणांचं कसंबसं व्हायचं. सहावे आणि सातवे नुसते रांगेत उभे राहून परत जायचे. आप्पांच्या हापशाच्या खेपा दोनाच्या चार झाल्या. दुपारी एक दिवस बाळ किरकिर करत होतं म्हणून त्याला घेऊन मी त्यांच्या पडवीत फेऱ्या घालत होते. सगळ्या वर्षांची तिकिटं तिथं तारेत ओवून टांगलेली असायची. बाळाला उजेडाची गंमत दाखवावी म्हणून मी एकेक तिकीट त्या त्या वर्षीच्या निकालाच्या तिकिटावर धरून बघायला लागले. सुनीताचं धरलं, पाच उजेड. भय्याचं धरलं, दोन. आप्पांचं धरलं. सगळा अंधार. त्याच्या आधीच्या वर्षाचं धरलं, अंधार. त्याच्याही आधीचं, अंधार.

मी बाळाला खांद्यावर टाकलं आणि मनात हिशेब केला. अडीच वर्षांच्या पोरीला कुठंही बोट ठेवून तीन मिळतात. बारा बक्षिसं, पाच-पाच नावं. आंधळ्यानं पंच मारले तरी दोन तरी लागतील. दर वर्षी एकही न लागणं याला न कळणं म्हणत नाहीत. एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर बाराच्या बारा आधी माहीत पाहिजेत.

मग चीड आली. स्वतःची आली, आणि त्यांची त्याहून जास्त आली. आम्ही सगळे त्यांना दर वर्षी हसत होतो आणि हे मख्खासारखे ऐकून घेत होते.

आप्पा मागं सायकलची चेन पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, माझं तिकीट खोटं हाय. मला दौंडलाच सगळं कळलं व्हतं."

"व्हय?" ते म्हणाले. चेन पुसायची थांबले नाहीत. "मग बाद."

"आन् तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्हालाबी कळलेलं आसतंय. दर वर्षी. बघितलं मी आत्ता उन्हाला धरून."

आता हात थांबला. घराकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पेपर मी कापतो. कापताना डोळं मिटून कापू का? नजर पडतीच. मग मी जिंकायचं व्हय?"

"मग खेळू नका."

"न्हाई खेळलो तर मालकाचा नंबर कंचा? आपोआप पयला. येकदा चिठ्ठीत आला तर काय काय ऐकलं मी."

"अहो, मग सरळ सांगायचं, मी शेवटचा नंबर घेतो म्हणून. हे सोंग कशाला? सहा घरांना कामाला लावलंय तुम्ही. रेडिओचं सेल काय, पेपरला भोक काय!"

"सरळ घेतला तर उपकार व्हतो," आप्पा म्हणाले. "उपकार केला की भाडेकरू खाली मान घालून जातो-येतो. मला त्ये न्हाई चालत. तू आत्ता भांडतीयास, तशीच बरी हायेस."

त्यांनी फडकं झटकलं. "आन् तू काय केलंस, कळलं का तुला? विनातिकीटवाल्याला रानात उतरवत न्हाईत, मागच्या शिटावर बसवत्यात. म्हंजी सातवा नंबर तुझा. माझा नंबर घालवलास." एवढं बोलून ते खरोखरच रागावून आत गेले. मी कबुली द्यायला गेले होते, आणि तक्रार माझ्याविरुद्ध झाली.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधी त्यांनी घंटा वाजवून जाहीर केलं, "एक नंबर शीट, तिकीट बाद, सातवा नंबर." का ते त्यांनी सांगितलं नाही, ते मीच सांगितलं. सुनीता मला बरंच बोलली आणि ते सगळं खरं होतं. तिचा पहिला नंबर मी अडीच महिने खाल्ला होता. आप्पांच्या तिकिटाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? सांगितलं असतं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या असत्या.

आता मी सहाव्या-सातव्यांच्या रांगेत आले. पाणी पस्तीस मिनिटांचं. पाचव्याचं संपलं तेव्हा धार करंगळीएवढी उरली होती. त्या दिवशी नशिबानं पाणी अजून गेलं नव्हतं. माझ्या पुढं आप्पा. त्यांनी बादली लावली, अर्धी भरली, उचलली आणि ओट्यावर जाऊन स्वतःच डबल बेल दिली.

"आप्पा, तुमची पाच मिनिटं ऱ्हायलीत अजून."

"माझं झालं."

"अर्ध्या बादलीत दोन माणसांचं काय व्हतंय?"

"नियमात वेळ लिवलीय. किती भरायचं त्ये लिवलेलं न्हाई." आणि कॅन अडकवून हापशाकडं निघाले.

मला त्या माणसाचा इतका राग आला की रडू आलं. रडत रडतच एक हंडा भरला, एक बादली भरली, मग पाणी गेलं. बाळाचं आणि स्वैपाकाचं हंड्यात भागणार होतं. भरलेली बादली उचलून मी आप्पांच्या दारात नेऊन ठेवली. काकूंना हाक मारली आणि त्यांनी काही बोलायच्या आत परत फिरले.

दुपारी बाळाला झोपवून दार उघडलं, तर बादली माझ्या उंबऱ्यात. काठोकाठ तशीच, वर ताटली झाकलेली. मी ती उचलून परत निघाले, तेवढ्यात काकू खिडकीतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. तू फिरून आणलीस तर त्ये पुन्हा तुझ्या दारात ठिवतील. तू आणशील, त्ये नेतील, सांजंपातूर निम्मं पाणी अंगणातच सांडंल."

आप्पा पडवीत पेपर वाचत बसलेले. मान वर केली नाही. मी चरफडत बादली आत आणली आणि बाळाची दुपटी भिजवली.